सिंहाच्या दाताची भाजी

गुरुनाथ वानखडे यांच्या हिरवळीवर पाय ठेवायची मुभा दोघांनाच होती, एक ते स्वतः आणि दुसरं त्यांचं गवत कापायचं मशीन. पोस्टमनसुद्धा फरशीवरून वळसा घालून पेटीपर्यंत यायचा. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात युनिव्हर्सिटीची मुलं भाड्याच्या घरांत कशीबशी राहतात आणि अंगणाकडे कुणी ढुंकून बघत नाही. अशा गावात गुरुनाथरावांची हिरवळ म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. दर शनिवारी सकाळी आठला मशीन सुरू व्हायचं. गवत बरोबर तीन इंच. खोटं वाटत असेल तर त्यांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली फूटपट्टी कुणीही पाहून यावी.

गुरुनाथराव मूळचे मूर्तिजापूरकडचे. १९६८ साली शिकायला आले, शिकून तिथल्याच एका प्रयोगशाळेत इंजिनिअर म्हणून चिकटले आणि २००३ साली निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात, फिरायला जातात, निदान बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. गुरुनाथरावांनी तसलं काही केलं नाही. गुडघ्याखाली रबराची गादी घ्यायची, हातात दोन दातांचं लांब खुरपं घ्यायचं आणि डँडेलायन उपटत बसायचं. डँडेलायन म्हणजे ते पिवळ्या फुलाचं रानटी झाड. नंतर त्याची पांढरी म्हातारी होते, वाऱ्यावर उडते आणि चार घरं पुढे जाऊन पुन्हा उगवते. गुरुनाथरावांचा त्याच्यावर भयंकर राग. वर्षातून दोनदा फवारणीचा ट्रक यायचा तो वेगळाच.

"अहो, ते साधं फूल आहे," त्यांच्या पत्नी सुमेधाकाकू म्हणायच्या. काकू पुण्याच्या, त्यामुळे त्यांचं साधं वाक्यही थोडं लागायचंच. "तुमचं त्याने काय घोडं मारलंय?"

घोडं कुणी मारलं होतं ते गुरुनाथरावांना चांगलं ठाऊक होतं. पण ते सांगायची त्यांची तयारी नव्हती.

गोष्ट १९७८ सालची. घर नवं, मुलगी नुकतीच झालेली. बाळंतपणाला गुरुनाथरावांची थोरली बहीण, अक्का, थेट गावाहून आली होती. आईवडील लवकर गेल्यावर दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या या बहिणीनेच त्यांना वाढवलं. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची आणि येताना ओट्यात पाथरी खुडून आणायची. पाथरी ही रानभाजी, जमिनीलगत पसरते, पान मोडलं की पांढरा चीक येतो, फूल पिवळं. आठवड्यातले चार दिवस घरात तीच असायची. गुरुनाथ त्याच भाजीवर मॅट्रिक झाला.

तर मे महिन्यात एका सकाळी अक्का मागच्या अंगणात गेली आणि हरखून ओरडली, "गुरू, तुह्या अंगणात तर पाथरीच पाथरी हाये रे!" दुपारपर्यंत तिने अर्धं अंगण खुडून काढलं. संध्याकाळी गुरुनाथचे साहेब आणि त्यांच्या मडम बाळाला बघायला येणार होते. अक्काने आपल्या हाताने टेबलावर ती भाजी मांडली. मडमनी कौतुकाने विचारलं, ही कसली भाजी? अक्काला प्रश्न हावभावांवरून कळला आणि तिने अभिमानाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. साहेब खो खो हसले. "गुरू, तू आम्हाला तण खायला घालतोयस!"

हसणं साधं होतं, त्यात काही वाईट नव्हतं. पण गुरुनाथचे कान तापले. त्याने भाजीचं भांडं उचललं, सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं आणि इंग्रजीत म्हणाला, "माझी बहीण खेड्यातली आहे." अक्काला इंग्रजी येत नव्हतं, पण 'व्हिलेज' एवढा शब्द तिला येत होता. तिने सगळ्यांना भात वाढला.

पुढच्याच शनिवारी गुरुनाथने पहिलं खुरपं विकत आणलं.

अक्का ठरल्या तारखेला परत गेली. नंतर कितीदा बोलावलं तरी तिचे गुडघे दुखायचे. गुरुनाथराव भारतात जायचे तेव्हा ती त्यांच्यासाठी काय काय रांधायची, पुरणाच्या पोळ्या, वडाभात, ठेचा. पाथरी मात्र अठ्ठावीस वर्षांत एकदाही केली नाही, आणि गुरुनाथरावांचं कधी मागायचं धाडस झालं नाही. दोघांमध्ये भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आणि मग २००६ च्या एप्रिलअखेर रविवारच्या फोनवर अक्का म्हणाली की ती अमेरिकेत येणार आहे. तिचा नातू परीक्षित न्यू जर्सीला नोकरीत होता, त्याच्या मुलीचं बारसं होतं. "आठ दिवस तुह्याकडं येईन म्हणते," ती म्हणाली.

गुरुनाथराव खुर्चीतून उठलेच. फोनवर वऱ्हाडी आपोआप तोंडात यायची. "ये ना अक्का! काय करू जेवायले?"

पलीकडे अक्का हसली. "पाथरी हाये का तुह्या वावरात?"

"हाये ना!" गुरुनाथराव म्हणाले. "लय हाये!"

फोन ठेवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, हिरवंगार, एकसारखं, तीन इंच. औषधाला एक डँडेलायन नव्हतं.

सुमेधाकाकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांना भाजीच्या भांड्याची गोष्टही आठवत होती. त्या वेळी त्या बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसलेल्या होत्या आणि त्यांनीही तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळे यावेळी त्या फारसं टोचून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता लावा."

अक्का दोन आठवड्यांवर आली होती, तेवढ्यात लावून उगवणार कसं? गुरुनाथरावांनी शोध सुरू केला. गल्लीतल्या बाकीच्या घरांपुढे फवारणीनंतर रोवतात त्या छोट्या पिवळ्या झेंड्या फडफडत होत्या. ही फवारणीची सवय गल्लीला लावली कुणी, हे वेगळं सांगायला नको. गावच्या बागेत पाटी होती, औषध मारलं आहे, लहान मुलांना आणि कुत्र्यांना सोडू नका. शेवटी ते मोठ्या दुकानात गेले आणि विचारलं, डँडेलायन कुठे मिळेल? तिथल्या मुलीने त्यांना अदबीने सातव्या रांगेत नेलं आणि डँडेलायन मारायच्या औषधासमोर उभं केलं. गुरुनाथराव वीस वर्षं त्याच फळीवरून बाटल्या उचलत आले होते. ते तिला थँक यू म्हणाले आणि बाहेर आले.

राहिलं एकच घर, मिसेस योडर यांचं.

मिसेस योडर म्हणजे उजव्या हाताची शेजारीण. वय ऐंशीच्या आसपास, हायस्कुलात पस्तीस वर्षं फ्रेंच शिकवून निवृत्त. त्यांच्या अंगणात कुठलंच औषध कधी पडलं नव्हतं, आणि एप्रिल-मे महिन्यात ते अंगण इकडून तिकडे पिवळंधमक व्हायचं. तिथल्या म्हाताऱ्या वाऱ्यावर बसून सरळ गुरुनाथरावांच्या हिरवळीत उतरायच्या. यावरून गुरुनाथरावांनी गावच्या ऑफिसात दोनदा लेखी तक्रार केली होती. पूर्ण नावानिशी, सहीनिशी. तेव्हापासून चार वर्षं मिसेस योडर त्यांना पाहून मान हलवायच्या, पण तोंडातून शब्द काढायच्या नाहीत.

सुमेधाकाकूंनी बेसनाचे लाडू बांधून दिले. "गोड बोला," त्या म्हणाल्या. "आणि पहिलं वाक्य हिरवळीवर नको."

गुरुनाथरावांनी शेजारची बेल वाजवली तेव्हा त्यांना पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसारखा घाम फुटला होता. दार उघडलं.

"मिस्टर वानखडे," मिसेस योडर म्हणाल्या. "तिसरी तक्रार हाताने द्यायला आलात?"

"नाही," गुरुनाथराव म्हणाले. तयार केलेलं सगळं भाषण ते विसरले. "मला तुमचे डँडेलायन हवे आहेत. खायला."

म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी लाडू आत ठेवले, काठी घेतली आणि गुरुनाथरावांना थेट अंगणात नेलं. "खाली बसा," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज होता तो. गुरुनाथराव निमूट बसले.

"एक पान तोडा. काय दिसतं?"

"पान," गुरुनाथराव म्हणाले.

"कडेला बघा. बोट फिरवा."

त्यांनी बोट फिरवलं. पानाच्या दोन्ही कडांना मोठमोठे, मागे वळलेले दाते होते.

"दाँ द लियों," मिसेस योडर म्हणाल्या. "जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ सिंहाचा दात. इंग्रजांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला, तीन शब्दांचा एक केला, बोलता बोलता झिजवला आणि झालं डँडेलायन. आता म्हणणाऱ्याला त्यात दातही दिसत नाहीत आणि सिंहही नाही. गंमत म्हणजे खुद्द फ्रेंच लोकांनी ते नाव सोडून दिलं. हल्ली ते याला काय म्हणतात माहीत आहे? अंथरूण ओलं करणारी. लघवीला फार होते ना खाल्ल्यावर."

गुरुनाथराव हसले. मग त्यांचं हसू आपोआप थांबलं. हजारो झाडं त्यांनी या हातांनी मुळासकट उपटली होती, आणि त्या झाडाच्या पानाला दात असतात हे त्यांना आज, चौसष्टाव्या वर्षी कळत होतं. त्यांना फक्त फूल दिसायचं. फूल दिसलं की खुरपं.

"विचार करा," बाई पुढे म्हणाल्या, "एवढं डोळ्यांत भरणारं फूल, आणि नाव पडलं पानावरून. म्हणजे नाव ठेवणारा माणूस खाली बसलेला होता. पान हातात धरून बघत होता. पान कोण एवढं निरखून बघतो? ज्याला ते शिजवायचं आहे तो. निदान माझी तरी अशी समजूत आहे. माझी आजी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी याच पानांचं सॅलड करायची, आमच्याकडच्या जुन्या जर्मन घरांत रीतच आहे ती. आम्हा पोरांना ते बिलकूल आवडायचं नाही, पण न खाऊन सांगता कुणाला?"

"माझ्या बहिणीने..." गुरुनाथराव बोलायला लागले आणि थांबले. मग कुणास ठाऊक कसं, पण त्यांनी त्या गवतात बसून सगळं सांगून टाकलं. साहेब, मडम, भांडं, कचऱ्याचा डबा. सुमेधाकाकूंशीसुद्धा ते या विषयावर इतकं बोलले नव्हते.

"तुमच्या दोन्ही पत्रांत एक शब्द होता," मिसेस योडर शेवटी म्हणाल्या. "न्यूसन्स. तोही आम्ही फ्रेंचकडूनच घेतलाय. इजा करणारी गोष्ट. घ्यायचे तेवढे खुडून न्या, मिस्टर वानखडे. पण तुमची बहीण जेवायला बसेल तेव्हा त्या टेबलावर मी असणार."

पुन्हा अक्का, पुन्हा तीच भाजी, आणि पुन्हा टेबलावर एक अमेरिकन पाहुणी. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

अक्का मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आली. परीक्षितने गाडीने आणून सोडलं आणि तो आल्या पावली परतला. चौऱ्याहत्तर वर्षांची, नऊवारीवर नातवाचं जाकीट घातलेली अक्का गाडीतून उतरली आणि फरशीवर उभी राहून हिरवळ बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"इथं तर काहीच नाही रे, गुरू," ती म्हणाली.

"शेजारणीच्या वावरातली आणली," गुरुनाथराव म्हणाले. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "माह्या इथली सगळी मी मारली."

अक्काने 'हूं' केलं आणि ती घरात गेली.

भाजी गुरुनाथरावांनी स्वतः खुडली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. इंजिनिअर माणूस, त्यामुळे सगळ्यात मोठी, सगळ्यात लांब पानं निवडली, फुलावर आलेली भरघोस झाडं बघून. सुमेधाकाकूंनी मूगडाळ, लसूण, मिरची घालून ती केली. फ्रीजरमध्ये जपून ठेवलेलं ज्वारीचं पीठ काढून भाकरीही केल्या. त्यातल्या दोन फाटल्या. सात वाजता मिसेस योडर ठेवणीतला निळा ड्रेस घालून, काठी टेकत आल्या. सगळे टेबलाशी बसले. गुरुनाथरावांनी भांडं उचललं आणि पहिल्यांदा अक्काला वाढलं.

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, तोंडात घातली. चावली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कडू हाये," अक्का म्हणाली.

गुरुनाथरावांना वाटलं, संपलं.

"जून पानं खुडली तू. फूल आल्यावर कोणी खुडते काय? विसरला सगळं." तिने दुसरा घास घेतला. "अन् ही आपली पाथरी नाहीच. हिची बहीण हाये कोणी. खुडता खुडता पान बघून मले तवाच समजलं होतं. तवाही कडूच झाली असंल."

"अक्का," गुरुनाथराव म्हणाले, "त्या दिवशी मी..."

"तू फेकली त्याचं नाही रे." अक्का आपल्या ताटाकडे बघत बोलत होती, आवाज अगदी रोजचा. "घर तुहं, पाव्हणे तुहे. पण एक घास खाऊन तरी फेकायची होती. कडू हाये म्हणून फेकली असती ना, तर मी हसली असती. तू चाखलीच नाही."

गुरुनाथरावांनी भांडं आपल्याकडे ओढलं, ताटात भाजीचा ढीग घातला आणि ते खायला लागले. भाजी खरोखरच कडूजहर झाली होती. ते एकामागून एक घास घेत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"मिरची जरा जास्तच पडली," सुमेधाकाकू म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवली.

मिसेस योडर यांना एक शब्द कळला नव्हता. "काय म्हणतेय तुमची बहीण?" त्यांनी हळूच विचारलं.

गुरुनाथरावांनी नाक पुसलं. "ती म्हणते, ही मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी चाखायला हवी होती." मग ते थांबले, आणि अक्काकडे हात करून एकेक शब्द स्पष्ट उच्चारत म्हणाले, "माझ्या बहिणीने मला या भाजीवर वाढवलं."

अक्काला इंग्रजी अजूनही येत नव्हतं. पण आपल्याकडे केलेला हात तिने बघितला, आणि पदर तोंडाशी नेऊन ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

मिसेस योडर यांनी शांतपणे आपल्या ताटातली भाजी संपवली आणि आणखी मागितली. मग मास्तरकी उसळून आलीच. तुमच्याकडे हिला पाथरी का म्हणतात, हे बहिणीला विचारा, म्हणाल्या. गुरुनाथरावांनी विचारलं. अक्काला प्रश्नच अजब वाटला. "म्हणजे? अंग पाथरून बसते ना जमिनीवर, म्हणून." आणि तिने टेबलावर आपला पंजा पालथा ठेवून पाचही बोटं लांब पसरून दाखवली.

मिसेस योडर यांनी तो पंजा पाहिला आणि समाधानाने मान हलवली. "हिनेही खाली बसून बघितलंय," त्या म्हणाल्या.

पुढचे सात दिवस त्या दोघी मिसेस योडर यांच्या अंगणात दिसायच्या. एक खुर्चीत, एक गवतात फतकल मारून. अक्का कळीही न आलेली कोवळी झाडं शोधायची आणि नखाने पानं खुडायची, मूळ तसंच ठेवून. मिसेस योडर फ्रेंचमध्ये काहीतरी सांगायच्या, अक्का वऱ्हाडीत उत्तर द्यायची. दोघींचं काही अडलं नाही. संध्याकाळी भाजी शिजायची, आणि ती कडू होत नव्हती असं नाही, पण खाता येत होती. गुरुनाथराव रोज दोनदा वाढून घ्यायचे. निघायच्या दिवशी अक्काने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांच्या हिरवळीकडे बघून म्हणाली, "बरी हाये. ढोरायले चांगली होईल."

त्या सप्टेंबरमध्ये फवारणीचा ट्रक आला तसा परत गेला. खुरपं गॅरेजमध्ये फूटपट्टीशेजारी टांगलं गेलं. गल्लीत कुजबुज झाली, वानखड्यांची तब्येत बरी नाही की काय. मिसेस योडर यांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर बसून आल्या आणि त्यांना यावेळी कुणी अडवलं नाही.

२००७ च्या एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी गुरुनाथराव पोस्टाच्या पेटीपाशी गेले आणि थबकले. पेटीच्या खांबाच्या बुडाशी, फरशीच्या कडेला, एक झाड जमिनीला चिकटून बसलं होतं. फूल नाही, कळी नाही. फक्त पानं, चारी बाजूंना पसरलेली. गुरुनाथराव रबराची गादी न घेता तसेच गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी एका पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.

मग ते आत जाऊन भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड शोधायला लागले. रविवार नव्हता, पण आज रविवारपर्यंत थांबणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. मूर्तिजापूरला तेव्हा संध्याकाळ होती. अक्काने फोन उचलला.

"अक्का, माह्या अंगणात एक आली," गुरुनाथराव म्हणाले. "कोवळी हाये. अजून फूल नाही. खुडू काय?"

अठ्ठावीस वर्षं जिचे गुडघे दुखत होते, तिने उत्तराला क्षणाचाही वेळ लावला नाही.

"हात लावू नको," अक्का म्हणाली. "मी येऊन राहिली."